वाईच्या जुन्या वाड्याला मागे जोडलेल्या खोल्या: वास्तुविशारद आणि कारागिरांच्या कामाचा अभिप्राय

आमचा वाडा चौकाचा आहे. घडीव काळ्या दगडाच्या जोत्यावर पातळ पक्क्या विटांच्या दोन फूट जाडीच्या भिंती, ओसरीला सागवानी खांब आणि वर कडीपाटाची (लाकडी कड्यांवर फळ्या टाकलेली) माडी, अशी त्याची बांधणी आहे. आई-वडिलांना जिना चढवेनासा झाल्यामुळे तळमजल्यावरच निजायची खोली, न्हाणीघर आणि सोयीचे स्वयंपाकघर हवे होते. ज्या ठेकेदारांना आम्ही आधी विचारले, त्यांनी माजघराची मागची भिंत पाडून आरसीसी स्लॅब टाकावा, असेच सुचवले. जुन्या बांधकामांचेच काम करणाऱ्या एका वास्तुविशारदांनी मात्र पहिल्या भेटीत वाडा जोत्यापासून आढ्यापर्यंत पाहिला आणि कोणत्या भिंतीवर किती भार आहे, हे समजावून मगच आराखड्याला हात घातला.

त्यांचा सर्वांत मोलाचा निर्णय म्हणजे नव्या खोल्या परसात स्वतंत्र पायावर उभ्या करून त्या जुन्या भिंतीला न टेकवणे. आमच्याकडची जमीन काळी, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. अनेक पिढ्यांत बसलेला जुना पाया आणि अजून बसायचा असलेला नवा पाया एकमेकांत बांधले, तर चीर पडणार ती जुन्या भिंतीतच. म्हणून दोन्हींच्या मध्ये फट ठेवून ती वरून झाकली आहे. आत जाण्यासाठीही भिंत फोडावी लागली नाही. माजघराच्या मागच्या खिडकीखालचे बांधकाम तेवढे काढून तिथे दार केले. खिडकीवरची, वरच्या भिंतीचा भार पेलणारी लाकडी पाटी जागची हलली नाही, भार पूर्वीच्याच वाटेने उतरत राहिला आणि शेजारचे दोन्ही कोनाडे शाबूत राहिले.

दुसरी गोष्ट चुन्याची. आधीच्या दुरुस्तीत कोणीतरी माजघराला सिमेंटचा गिलावा केला होता. जोत्यातून चढणारी ओल त्या टणक थरातून बाहेर पडू शकत नसल्याने विटांना लोणा लागला होता, म्हणजे क्षारांमुळे त्या झिजत होत्या. गिलाव्याचा पोपडा काढला की विटेची भुकटी हातात येत असे. कारागिरांनी तो सारा गिलावा हलक्या हाताने उतरवला, भिंत वाळू दिली आणि मुरवलेल्या चुन्यात वाळू व सुरकी (भाजक्या विटांची पूड) मिसळून नवा गिलावा केला. चुना सावकाश पक्का होतो, उन्हापासून जपावा लागतो आणि खर्चही वाढतो. ज्यांना घाई आहे त्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावे. आमच्या भिंतीला मात्र यामुळे पुन्हा श्वास घेता आला, असे मी मनापासून म्हणेन.

सुतारकाम तर पाहत राहावे असे झाले. एका तुळईचे भिंतीत रुतलेले टोक कुजले होते. सबंध तुळई न बदलता सुताराने कुजका भाग कापला, जुने सागवान मिळवून तिरपा सांधा केला आणि लाकडी खुंट्या ठोकल्या. जोड लपवण्यासाठी रंग फासला नाही. नवे काम नवे म्हणूनच दिसू दिले, हा त्यांचा आग्रह मला योग्य वाटतो.

उणीव राहिली ती जुने आणि नवे छप्पर जिथे भेटते त्या पन्हळीत. तिला उतार कमी पडला आणि पहिल्याच मोठ्या पावसात पाणी उलटून मधल्या फटीत शिरले. त्यांनी पन्हळ स्वखर्चाने बदलून दिली, हे खरे. पण त्यासाठी बराच पाठपुरावा करावा लागला, आणि तोवर नव्या चुन्यावर ओलीचा डाग उमटला होता. देयकेही मोघम होती. सुताराची मजुरी आणि लाकडाची किंमत वेगळी दाखवायला हवी होती.

एवढे असूनही, मूळ वाडा न मोडता वाढवायचा असेल, तर मी याच मंडळींना काम देण्याची शिफारस करतो. करारात पन्हळीची रुंदी व उतार आणि पहिल्या पावसाळ्यानंतरची तपासणी या गोष्टी मात्र लिहून घ्याव्यात.