सीटबेल्ट आपोआप आत जात नाही? ठाण्यातल्या वागळे इस्टेटच्या बेल्टवाल्या काकांकडचा अनुभव

आधीच सांगते, गाडी 2010 ची आहे, एमएच-04, बाबांची, आणि बाबा ती विकणार नाहीत, त्यामुळे "आता नवीनच घ्या की" हा सल्ला कृपया कुणी देऊ नका, तो घरात मी स्वतः चार वेळा देऊन झालाय. यंदा 15 वर्षं झाली म्हणून रजिस्ट्रेशन पुढच्या 5 वर्षांसाठी रिन्यू करायचं होतं, आरटीओला गाडी दाखवायची म्हणून टायर, लाइट, हॉर्न सगळं एकदा बघून घेतलं आणि तेव्हा ध्यानात आलं की चारपैकी एकही सीटबेल्ट धड नाही. एकही नाही! आणि याच गाडीतून आम्ही घोडबंदर रोडने बिनधास्त फिरत होतो.

ड्रायव्हरचा बेल्ट सोडला की आत जायचाच नाही, नुसता लोंबत राहायचा, घाईत दार लावलं की ती लोखंडी जीभ दारात सापडून ठण्ण, दाराखालच्या पट्टीचा रंग त्याच जागी उडालाय. शेजारचा, म्हणजे आईचा, त्याच्या उलट. ओढला की जॅम, परत ओढला की परत जॅम, पण गंमत म्हणजे रोज नाही, कधीकधीच. मागचा डावीकडचा लॉकमध्ये बसायचाच नाही. आणि मागचा उजवीकडचा पट्टा उंदराने कुरतडलेला, आमच्या पार्किंगमधले उंदीर वायर खातात ते माहीत होतं, बेल्टही सोडत नाहीत हे नवीन कळलं.

आता अशा बेल्टला आपण "ऑटोमॅटिक बेल्ट" म्हणतो, तो शब्द. आपल्याकडे ऑटोमॅटिक म्हणजे जो ओढला की बाहेर येतो आणि सोडला की आपला आपण गुंडाळला जातो तो, कारण त्याआधीच्या जुन्या गाड्यांत साधा पट्टा असायचा, बॅगेच्या पट्ट्यासारखा हाताने लांब-आखूड करायचा. माझा मामेभाऊ अमेरिकेत असतो, त्याला फोनवर ऑटोमॅटिक बेल्ट बिघडलाय म्हटलं तर तो म्हणाला त्याच्या पहिल्या सेकंडहँड गाडीत, 1993 च्या, दार लावून चावी फिरवली की खांद्यावरचा पट्टा मोटरवर दाराच्या वरच्या रुळावरून सरकत येऊन अंगावर बसायचा, कमरेचा मात्र वेगळा आणि तो हाताने लावायचा, जो लोक हमखास विसरायचे. तिकडच्या सरकारने ऐंशीच्या दशकात नियम केला होता की एकतर एअरबॅग द्या नाहीतर आपोआप लागणारा बेल्ट द्या, म्हणून कंपन्यांनी ही मोटरवाली भानगड केली, पुढे एअरबॅग सक्तीच्या झाल्यावर ती बंद पडली. त्याच्या गाडीची मोटर मधेच अडकायची आणि पट्टा अर्ध्या वाटेत गळ्यापाशी थांबायचा म्हणे. ते ऐकून आपलं दुखणं जरा हलकं वाटलं.

असो. सर्व्हिस सेंटरला विचारलं (नाव घेत नाही), त्यांनी बेल्ट हात लावूनही बघितले नाहीत, कॉम्प्युटरवर चार असेंब्ली, म्हणजे चार पूर्ण नवीन बेल्ट, टाकल्या आणि 14,800 सांगितले. मग एका गॅरेजवाल्याने "कुर्ल्याच्या भंगारातून आणून देतो, हजारात काम" म्हणून सांगितलं. दुसऱ्या एकाने रिट्रॅक्टरमध्ये, म्हणजे पट्टा गुंडाळून घेणाऱ्या मशीनमध्ये, ऑइलचा फवारा मारायला स्प्रेचा डबा हातात घेतलासुद्धा होता, बाबांनी थांबवलं, कारण तेल उद्या आपल्या शर्टाला लागेल, बाबांची काळजी वेगळ्याच गोष्टीची होती. आणि अॅक्सेसरीच्या दुकानातला पोरगा तर थेट ती खोटी क्लिप दाखवायला लागला, लॉकमध्ये खुपसली की बेल्ट न लावल्याचं बीप बंद होतं ती. अरे बाबा, आमच्या गाडीला बीपच नाहीये! आणि त्या क्लिपा 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन साइटवरून काढायला लावल्यात, 13 हजारांच्या वर लिस्टिंग उतरवली होती, तरी दुकानात टांगलेल्या आहेतच.

शेवटी सोसायटीतल्या रिक्षावाल्या दादांनी पत्ता दिला. वागळे इस्टेटमध्ये आतल्या एका गल्लीत पत्र्याची शेड, पाटीवर नाव नाही, नुसतं "सीट कव्हर, मॅटिंग, बेल्ट काम" एवढंच. काका साठीचे असतील, कमी बोलतात, आणि पहिली गोष्ट काय केली तर चारही बेल्ट एकेक करून स्वतः बसून लावून बघितले. पंधरा मिनिटं. तोपर्यंत काही बोलले नाहीत, मी मनात हिशोब करतेय की आता किती सांगणार.

म्हणाले, "ताई, हा पुढचा डावीकडचा चांगला आहे, याला काही करायचं नाही." मी म्हटलं अहो काका, आई रोज ओरडते. तर विचारलं, गाडी उभी कुठे असते? आमचं पार्किंग रॅम्पवरच आहे, चांगलाच उभा रॅम्प आहे, बिल्डरची कृपा. काका हसले, आत जाऊन एक जुना रिट्रॅक्टर घेऊन आले, झाकण काढलेला. एका बाजूला घड्याळासारखी पातळ पोलादी स्प्रिंग गुंडाळलेली, ती पट्टा आत ओढते, शिंप्याच्या गोल टेपमध्ये असते तशीच. दुसऱ्या बाजूला प्लास्टिकची छोटीशी वाटी आणि त्यात एक स्टीलची गोळी, वाटाण्याएवढी. माझ्या कानाशी धरून हलवला तर आत टिक टिक वाजत होतं. सरळ धरला आणि पट्टा ओढला, सुळकन बाहेर. जरा तिरका केला, गोळी वाटीच्या काठावर चढली, तिने वरची पत्ती उचलली, पत्ती दातेरी चाकात अडकली, खट्! आता दोन माणसांनी ओढला तरी येईना. ब्रेक मारला की हेच होतं आणि उतारावर गाडी उभी असली तरी हेच होतं. शिवाय नुसता झटक्याने ओढला तरी लॉक होतो, त्याची व्यवस्था आत वेगळी आहे. आणि आई बेल्ट ओढते ते विहिरीचा रहाट ओढल्यासारखी. म्हणजे आईचा बेल्ट पहिल्यापासून ठणठणीत होता आणि सर्व्हिस सेंटरवाले त्याचे साडेतीन हजार घेणार होते!!

ड्रायव्हरच्या बेल्टला माझी अपेक्षा होती की स्प्रिंग गेली, नवीन टाका. काकांनी पिलरचं, म्हणजे दोन दारांमधल्या खांबाचं, प्लास्टिक जरा सैल करून टॉर्च मारला, आतमध्ये एअरबॅगच्या सर्किटचं पिवळं कनेक्टर दिसलं, आणि सरळ म्हणाले "हे मशीन मी उघडणार नाही." आमच्या गाडीला एअरबॅग आहे, त्यामुळे पुढच्या बेल्टना प्रीटेन्शनर आहे, त्यात बारुदाची छोटी कांडी असते, अपघाताच्या क्षणी ती उडते आणि पट्टा खेचून माणसाला सीटला घट्ट धरते. एकदाच उडते. ती कुणाच्या हातात उडाली तर काय होईल ते त्यांनी सांगितलं, मी इथे लिहीत नाही. बाबा मधे पडले, "अहो मिस्त्री, तुमचा एवढा अनुभव, उघडा की जरा." काका म्हणाले, "साहेब, अनुभव आहे म्हणूनच नाही उघडत." बाबा गप्प! घरात हे कुणाला जमलेलं नाही.

मग केलं काय, तर धुतला. शब्दशः धुतला. पण त्याआधी खांद्याजवळच्या कडीचे बोल्ट काढायचे म्हणून बॅटरीचं टर्मिनल काढलं आणि आम्हाला चहा सांगितला. मला वाटलं पाहुणचार, नंतर कळलं की बॅटरी काढली तरी एअरबॅगच्या सर्किटमध्ये थोडा वेळ चार्ज राहतो, तेवढं थांबायचं असतं. पट्टा पूर्ण बाहेर ओढून मुळाशी क्लिप लावली म्हणजे परत आत जाणार नाही आणि पाणी मशीनमध्ये उतरणार नाही, मग कोमट पाण्यात अंगाचा साबण आणि मऊ ब्रश. ब्लीच नाही, पेट्रोल नाही, त्याने धागा कमजोर होतो म्हणाले. पाणी निघालं ते कोऱ्या चहासारखं. 15 वर्षांचा घाम, धूळ, आणि बाबांचं खोबरेल तेल, दुसरं काय. खरा कचरा मात्र त्या वरच्या कडीत होता जिथून पट्टा वळतो, तिथे काळा चिकट थर बसलेला, नखाने खरवडला तर मेणासारखा निघत होता, आणि पट्टा त्यालाच घासून अडत होता. स्प्रिंग बिचारी ठीकच होती. रात्रभर सावलीत वाळवला, उन्हात नाही. गाडी त्यांच्याच शेडमध्ये राहिली, म्हणजे दोन दिवस गेले, हे धरून चाला. दुसऱ्या दिवशी सोडला तर सर्रकन आत. नव्यासारखा नाही, शेवटचे चार बोटं जरा रेंगाळतो, पण दारात अडकत नाही. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा लाइट लागून विझतो का तेही मला दाखवलं.

मागच्या डाव्या लॉकमध्ये टॉर्च मारून बारीक चिमट्याने चिक्कीचा तुकडा काढला. लोणावळ्याची चिक्की. कधीची ते देव जाणे, भाचा आता दहावीला आहे. मग वीस वेळा लावून-काढून बघितलं.

उंदराने खाल्लेल्या पट्ट्याला मात्र शिवून द्यायला साफ नकार. मी म्हटलं चामड्याची मशीन आहे ना तुमच्याकडे, मागे कोण बसतंय रोज. यावर पहिल्यांदा जरा रागावले. 4 सप्टेंबर 2022 ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींची गाडी आदळली तेव्हा ते मागेच बसले होते आणि बेल्ट नव्हता, एवढंच बोलले. (त्यानंतर मुंबईत मागच्यांनाही बेल्टची सक्ती आठवत असेल, आणि 2019 च्या सुधारित मोटार वाहन कायद्यात बेल्ट नसला तर 1000 रुपये दंड आहेच.) भंगारातला पट्टाही बसवत नाहीत, कारण ती गाडी कशाने भंगारात गेली ते कुणी सांगत नाही, आणि एकदा अपघाताचा झटका खाल्लेला पट्टा आतून ताणलेला असतो, बाहेरून चांगला दिसला तरी. मला पार्ट नंबर चिठ्ठीवर लिहून दिला, ओरिजिनल पार्ट मी स्वतः आणला, 2,450 ला, तो त्यांनी बसवला. मागच्याला प्रीटेन्शनर नाही त्यामुळे तिथे काही अडलं नाही.

बिल: ड्रायव्हरचा काढणं-धुणं-बसवणं 600, चिक्की 100, मागचा बसवायचे 300. आईच्या बेल्टचे शून्य. पार्ट धरून 3,450.

नंतर वागळेच्या रिकाम्या रस्त्यावर रविवारी सकाळी मला वीसच्या स्पीडने नेऊन ब्रेक मारायला लावला, मागे कुणी नाही बघून, बाकीच्या तीन सीटवर एकेकदा बसून काका स्वतः तपासत होते. बाबा बाहेर उभे राहून रिव्ह्यू देत होते.

आता तक्रारी. फोन उचलत नाहीत, उचलला तर "या" एवढंच. दुपारी दीड ते चार शेड बंद, मी एकदा फुकट फेरी मारली. पिलरच्या प्लास्टिकची एक क्लिप त्यांच्या हातून तुटली, त्यांनी कबूल केलं आणि दुसरी टाकली, पण ती पांढरी आहे, बाकी सगळं काळं, आणि खड्ड्यात गेली की तिथूनच किरकिर येते. घोडबंदर रोडला म्हणजे सतत. परत दाखवायला गेले तर म्हणाले काळी आली की फुकट बदलतो, महिना झाला.

जाणार असाल तर सकाळी अकराच्या आत जा, गल्लीत नंतर टेम्पो लागतात. तीन हात नाक्याकडून रिक्षावाल्यांना "बेल्टवाले काका" म्हटलं तरी बरोबर नेतात. आणि नवी मुंबईवाल्यांनो, ऐरोलीचा पूल उतरून यायला छोट्या गाडीला आता टोलही नाही.