‘संत तुकाराम’: अभंगापेक्षा आवली मोठी

प्रभात फिल्म कंपनीचा, दामले-फत्तेलाल दिग्दर्शित ‘संत तुकाराम’ (१९३६) हा व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला म्हणून नव्हे, तर भक्तीला संसाराच्या कसोटीवर उभे करतो म्हणून आजही पाहावा. विष्णुपंत पागनीस अभंग गातात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर अभिनयाचा मागमूसही राहत नाही, हे खरेच; पण चित्रपट तोलून धरते ती गौरीने साकारलेली तुकारामांची बायको आवली. आजारी लेकराला ओढत देवळात नेऊन, पायातली चप्पल काढून थेट विठोबावर धावून जाणारी ही बाई देवाला जाब विचारते, आणि दिग्दर्शक तिला कुठेही खजील करत नाहीत. अलीकडच्या झगमगाटी ऐतिहासिक व भक्तिपटांत असे भांडण औषधालाही सापडत नाही. तिथे सगळेच पहिल्या प्रसंगापासून हात जोडून उभे असतात.

चमत्कारांची दृश्ये आज जुनाट वाटतात आणि सालोमालो हा खलनायक फारच ढोबळ आहे. ‘आधी बीज एकले’ हे शांताराम आठवल्यांचे गीत मात्र इतके अस्सल उतरले आहे की अनेकांना ते तुकोबांचेच वाटते. ध्वनी खरखरीत असला तरी शब्द स्पष्ट कळतात.