‘लायसन्स फ्री’ वॉकीटॉकीच्या नादात माझे ६,४५८ रुपये गेले

आकडा आधीच सांगून टाकतो. ६,४५८ रुपये. तीन वेळा पाठवले आणि तिन्ही वेळा मीच माझ्या हाताने यूपीआयचा पिन टाकला. आधी ३,५९९, मग २,३६०, मग ४९९. कुणाला ओटीपी दिला नाही, अनोळखी लिंक उघडली नाही, कसलं अ‍ॅप उतरवून घेतलं नाही. ‘आपण असल्या गोष्टींना फसत नाही’ असं मलाही महिनाभरापूर्वीपर्यंत वाटत होतं, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितोय.

आमचं गाव जुन्नर तालुक्यात. मी भोसरीला कंपनीत क्वालिटीला आहे, गावी नाना आणि आई. शेतीच्या लायटीचं तुम्हाला माहीतच आहे, एक आठवडा दिवसाची पाळी, एक आठवडा रात्रीची. रात्रीची पाळी आली की नाना दहा-साडेदहाला बॅटरी आणि काठी घेऊन दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला निघतात. घरापासून विहीर आठशे-नऊशे मीटरवर, मध्ये ओढा, ओढ्याच्या दोन्ही अंगांना ऊस. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यातल्या माणसाला उसातल्या बिबट्याबद्दल वेगळं सांगायला नको. ओढ्यात मोबाईलला रेंज नाही. बांधावर चढलं तर कुठे एखादी काडी येते.

दिवाळीनंतर शेजारच्या वस्तीवरचं वासरू बिबट्याने नेलं. त्याच आठवड्यात एका रात्री नाना अडीचपर्यंत घरी आले नाहीत. पाइप फुटला होता, तो बांधत बसले होते. आई तेवढा वेळ ओट्यावर बसून होती. सकाळी तिचा फोन आला, “अरे, त्या वॉचमन लोकांकडं बोलायचं यंत्र असतंय ना, तसलं एखादं बघ की स्वस्तातलं.” मी हौसेपोटी घ्यायला गेलो नव्हतो, एवढं लक्षात ठेवा. घाई होती आणि घाईतच माणूस सापडतो.

मोबाईलवर दोन दिवस शोधत होतो, तर तिसऱ्या दिवशी जाहिरात आपणहून समोर आली. शेतात उभा राहून एक माणूस वॉकीटॉकीवर बोलतोय, मराठीत. ‘१० किमी रेंज, ५ वॉट, लायसन्स फ्री, शेतकऱ्यांसाठी खास.’ जोडी ३,८९९ रुपयांना, पैसे आधी भरले तर ३०० सूट. मी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं. पलीकडचा माणूस स्वच्छ मराठीत, अदबीने बोलला. “दादा, तुमच्या जुन्नर भागात आपले बरेच सेट गेलेत, बिबट्याचा त्रास आहे ना तिकडं.” मी त्याला फक्त पिनकोड दिला होता. बिबट्याचं त्याने स्वतः काढलं, आणि मला ते आपुलकीचं वाटलं.

३,५९९ पाठवले. पैसे जाताना स्क्रीनवर दुकानाचं नाव आलं नाही, कुणातरी माणसाचं नाव आलं. ते मी वाचलं. वाचून पिन टाकला. मालकाचं खातं असेल असं मनाशी म्हटलं. तुम्ही तिथेच थांबा. पैसे घेणाऱ्याचं नाव आणि दुकानाचं नाव जुळत नसेल तर पिन टाकायचाच नाही, समोरचा कितीही गोड बोलो.

पण मला झोपू देत नाही ती त्याच्या पुढची गोष्ट.

चार दिवसांनी दुपारी त्याचा फोन आला. मी कॅन्टीनच्या रांगेत, हातात ताट. “दादा, पार्सल तयार आहे, फक्त फ्रिक्वेन्सी रजिस्ट्रेशन राहिलंय. सरकारी फी आहे, २,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी.” मी विचारलं, हे कुणी माझ्याकडून हिरावून घेऊ शकत नाही, मी विचारलं होतं, “अहो, लायसन्स फ्री लिहिलंय ना?” तो म्हणाला, “फ्रीच आहे दादा. हे लायसन्स नाही, रजिस्ट्रेशन आहे.”

आणि मी काय केलं? दोन हजारांचे अठरा टक्के म्हणजे ३६०, एकूण २,३६०, हिशेब बरोबर आहे, एवढं मनातल्या मनात तपासलं. रोज कंपनीत मी ड्रॉइंग आणि जॉब समोरासमोर धरून बघतो की लिहिलेलं आणि बनवलेलं एक आहे का. इथे लिहिलेलं होतं ‘लायसन्स फ्री’ आणि मागत होते परवान्याचे पैसे. दोन्ही एकाच वाक्यात माझ्या कानावर पडलं आणि मी गुणाकार तपासत बसलो. मागे उभा असलेला पुढे सरका म्हणत होता, डाळ गार होत होती, डोक्यात आईचा ओटा होता. पाठवले.

संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘प्रमाणपत्र’ आलं. वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का, मध्ये माझं नाव आणि ‘मंजूर फ्रिक्वेन्सी ४४६.००६२५ मेगाहर्ट्झ’. मी ते नानांना पाठवलं. नाना म्हणाले, बरं केलंस, सगळं कायदेशीर झालं.

आता जे मला नंतर कळलं ते आधी तुम्हाला सांगतो. आपल्याकडे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा एक छोटा पट्टा २०१८ च्या नियमांनी परवान्यातून मोकळा केलेला आहे. त्या पट्ट्यातला, कमी शक्तीचा सेट वापरायला तुम्हाला कसलंही लायसन्स लागत नाही आणि नावावर कसली फ्रिक्वेन्सी ‘मंजूर’ करून घ्यावी लागत नाही. सामान्य माणसाकडून असले पैसे कुणी मागितले की तो चोर आहे, विषय संपला. मान्यता लागते ती यंत्राच्या मॉडेलला. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून (वायरलेसचं काम बघणारी शाखा) ईटीए नावाची मंजुरी असते आणि ती मिळवणं हे आयात करणाऱ्याचं किंवा बनवणाऱ्याचं काम. आपण फक्त त्या मंजुरीचा नंबर मागायचा, आणि तो त्याच मॉडेलचा आहे ना हे बघायचं.

पार्सल आलं. खोक्यावर १० किमी, सेटवर ‘५ वॉट’चं स्टिकर. स्टिकरचा कोपरा सुटला होता, नखाने ओढला तर खाली आधीचं दुसरं स्टिकर, चिनी अक्षरांचं, त्यावर ४०० ते ४७० मेगाहर्ट्झ. ईटीए नंबर कुठेच नाही. डोक्यावर सोळा चॅनलचं बटण, पडदा नाही, म्हणजे आपण कुठल्या फ्रिक्वेन्सीवर बोलतोय ते वापरणाऱ्याला कळायची सोयच नाही. चिंचवडला खोलीवर चालू करून बघितले, तर पाचव्या की सहाव्या चॅनलवर कुणाचं तरी बोलणं ऐकू आलं, “गाडी आत घेतोय, गेट बंद करू नको.” कुठल्यातरी कंपनीच्या गेटवरचे लोक. मी ताबडतोब बंद केला. घाबरलो, खरं सांगतो. उद्या नाना त्या चॅनलवर बोलले असते तर?

तरी शनिवारी गावी घेऊन गेलो. घर ते गोठा, खणखणीत. ओढ्याच्या अलीकडे खरखर. ओढा ओलांडून उसात शिरलो आणि संपलं. तीनशे मीटर धरा. आई ओट्यावरून “ऐकू येतंय का” म्हणत होती असं तिने नंतर सांगितलं, मला काहीही आलं नाही. हे सेट ज्या लहरींवर चालतात त्या साधारण सरळ रेषेत जातात. मध्ये टेकाड, घर, भरलेला ऊस आला की मार खातात. दहा किलोमीटर कधी? एक माणूस एका डोंगराच्या माथ्यावर, दुसरा समोरच्या माथ्यावर, मध्ये नुसती हवा, तेव्हा. खोक्यावर किलोमीटर छापायला कुणाला परवानगी लागत नाही. परवान्यातून मोकळे असलेले खरे सेट साधारण अर्ध्या वॉटचे असतात, त्यामुळे ‘५ वॉट’ आणि ‘लायसन्स फ्री’ हे दोन शब्द एकाच जाहिरातीत दिसले की तिथूनच मागे फिरा. मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर!

सोमवारी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला सेट दाखवले. ते हॅम रेडिओवाले, म्हणजे हौस म्हणून वायरलेसवर बोलणारे, रीतसर परीक्षा देऊन लायसन्स काढलेले. त्यांनी घरी मीटर लावून पाहिलं. पहिलं चॅनल ४६२ मेगाहर्ट्झच्या आसपास निघालं. प्रमाणपत्रावर ४४६. म्हणजे २,३६० रुपयांचा तो कागद खोटा होताच, पण त्यावर लिहिलेलं आणि माझ्या हातातलं यंत्र यांचाही काही संबंध नव्हता. ते म्हणाले, “हा सेट परवान्याशिवाय वापरू नका, बॅटरी काढून ठेवा.” कुणी तुम्हाला सांगेल की दोन-अडीच हजारांचा चिनी सेट घे, हॅम लायसन्स काढ आणि बोल. ते खरं नाही. हॅमच्या फ्रिक्वेन्सीवर पलीकडून बोलणाऱ्याकडेही लायसन्स लागतं. माझ्या आईवडिलांच्या ते उपयोगाचं नाही.

विक्रेत्याला फोन केला. आवाज तोच, अदब तीच. “परत पाठवा दादा, पिकअपचे ४९९ भरा, सगळे पैसे एकदम परत येतील.” भरले. हो, भरले. ५,९५९ रुपये अडकले होते आणि ४९९ मध्ये सुटतील असं वाटलं. बुडालेले पैसे काढायला पुन्हा पैसे मागणारा पहिले पैसे कधीच देत नाही. पिकअपला कुणी आलं नाही. पाचव्या दिवशी मी चिडून पोलिसांत जाईन म्हणालो, तेव्हा तो पहिल्यांदा ‘दादा’ न म्हणता बोलला. “जा. बेकायदा वायरलेस सेट तुझ्या घरात आहे, माझ्या नाही. तुझं नाव-पत्ता माझ्याकडे आहे.” आणि ब्लॉक केलं. त्या एका वाक्याने मी सहा दिवस गप्प बसलो. ते सहा दिवस त्याला पुरले.

असं कुणी बोललं तर एक तासही थांबू नका. लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत तक्रार गेली तर गोठवले जाण्याची शक्यता असते. मी गेलो तेव्हा गोठवायला काही उरलं नव्हतं.

आता पोलीस ठाणं. पहिल्यांदा गेलो तेव्हा सांगितलं, वस्तू मिळाली आहे ना, मग ही फसवणूक नाही, ग्राहक मंचात जा. दुसऱ्यांदा प्रमाणपत्र छापून नेलं, अशोकस्तंभ दाखवला, सरकारी कागद खोटा बनवलाय म्हटलं. साहेब म्हणाले, पार्सल गावच्या पत्त्यावर आलं की खोलीच्या? पैसे इथून पाठवले की तिथून? हद्द बघावी लागेल. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर, हद्द कुठलीही असली तरी, नोंदवून घ्यायची असते. १ जुलै २०२४ पासून तो कायदा लागू आहे. मी ते कलम बोललो तर समोरचे हवालदार म्हणाले, “एवढं माहीत होतं तर फसलात कशाला?” पन्नाशीचा माणूस बाकावर शेजारी बसला होता, तो माझ्याकडे बघून खाली बघायला लागला. मला ते वाक्य ६,४५८ रुपयांपेक्षा जास्त लागलं. मी चोरी केली नव्हती. मी बापासाठी एक यंत्र विकत घेतलं होतं.

तिसऱ्या खेपेला साधा अर्ज घेतला आणि पोच दिली. एफआयआर नाही. बँकेत गेलो तर म्हणाले, व्यवहार तुम्हीच केलाय, आमची जबाबदारी येत नाही. जाहिरात जिथे दिसली तिथे तक्रारीचं बटण दाबलं, उत्तर आलं की नियमांचं उल्लंघन आढळलं नाही. तीच जाहिरात परवा मला पुन्हा दिसली, दुकानाचं नाव बदलून. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असल्याच वॉकीटॉकींवरून १३ ऑनलाइन विक्री मंचांना नोटिसा काढल्या आणि त्याच महिन्यात मार्गदर्शक सूचनाही आणल्या. फ्रिक्वेन्सी लिहा, परवाना लागतो का ते लिहा, ईटीए दाखवा. मग हे लोक राजरोस कसे विकतात? कागदावर नियम, आणि नियम मोडणाऱ्याबद्दल विचारायला गेलं की हद्द!

ग्राहक आयोगाचा रस्ता बाकी आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. पण नोटीस पाठवायची कुठे? खोक्यावर लिहिलेल्या पत्त्यावर मी पत्र टाकलं होतं, ते ‘या पत्त्यावर कोणी नाही’ म्हणून परत आलं. म्हणून तुम्ही घेताना जीएसटी बिल घ्या, पक्कं, पत्त्यासकट. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा. जमलं तर शहरातल्या दुकानात जाऊन घ्या आणि घ्यायच्या आधी तुमच्याच शेतात, तुमच्याच सोसायटीत चालवून बघू द्या म्हणा. नाही म्हणणाऱ्याकडे घेऊ नका.

ते दोन सेट बॅटऱ्या काढून कपाटात ठेवलेत, पोलिसांच्या पोचपावतीबरोबर. त्या सहकाऱ्यांच्या ट्रेकच्या मित्राकडे ४४६ ची, ईटीए असलेली जोडी आहे, ती दोन दिवसांसाठी मागून घेतलीय. शनिवारी एक सेट आईच्या हातात देऊन तिला ओट्यावर उभी करणार आणि दुसरा घेऊन मी ओढ्यातून विहिरीपर्यंत चालत जाणार. आवाज जिथे तुटेल तिथे खूण करणार. विहिरीपर्यंत पोचला नाही तर नानांना बांधावर येऊन बोलावं लागेल, तेवढं तरी जमतं का बघायचंय. सोमवारपासून रात्रीची लाईट आहे.