घरच्या वेल्डिंग टेबलाची चौकट: अँगल, चॅनेल की चौकोनी पाइप?

नाशिकच्या सातपूर-अंबडकडे लोखंड वजनावर विकत मिळते, त्यामुळे घरी भक्कम वेल्डिंग टेबल करू पाहणारा माणूस साहजिकच आधी किलोचा हिशेब मांडतो; चौकटीच्या बाबतीत मात्र तेच वजन कोणत्या आकारात आहे, हे आधी पाहायला हवे.

समजा, टेबल १२०० बाय ७५० मिलिमीटरचे आहे आणि त्यावरची प्लेट १२ मिलिमीटर जाडीची, म्हणजे सुमारे ८५ किलोची आहे. वरची चौकट, ८०० मिलिमीटरचे चार पाय, प्लेटखाली दोन आडवे आधार आणि पुढे पाय ठेवायला जागा राहावी म्हणून तीनच बाजूंना खालचे आडवे दांडे धरले, तर ११.३ मीटर माल लागतो व तो सहा मीटरच्या दोन नगांत बसतो. ५० बाय ५० बाय ६ मिलिमीटरच्या अँगलची (इंग्रजी L आकाराच्या लोखंडाची) चौकट सुमारे ५१ किलोची, ५० बाय ५० बाय ३ च्या चौकोनी पाइपची ४८ किलोची, तर ७५ मिलिमीटरच्या चॅनेलची (इंग्रजी C आकाराच्या लोखंडाची) ८० किलोच्या घरात जाते.

अँगल आणि पाइप यांच्या वजनात फारसे अंतर नाही, पण पीळ सोसण्याच्या बाबतीत पाइप चाळीस पटींहून अधिक ताठ ठरतो, कारण त्याचा छेद, म्हणजे आडवा कापल्यावर दिसणारा आकार, चारही बाजूंनी बंद असतो. एका कोपऱ्याला एखादी वस्तू आवळून ती वाकवताना चौकट पिळली जाते आणि तिथे अँगल उघडा पडतो. खालच्या फळीच्या आधारासाठी मात्र अँगलच सोयीचा आहे.

चॅनेल उभा ठेवला तर वाकण्याला चांगला विरोध करतो आणि त्याच्या कडेला क्लॅम्पही लागतो; पण तोही उघडाच छेद आहे, शिवाय आतली बाजू उतरती असल्याने नटाखाली तिरका वॉशर घालावा लागतो. ज्यांना प्लेटवर रोज घणाचे काम करायचे आहे, त्यांनी प्लेटखाली चॅनेल आणि पायांना पाइप अशी जोड करावी. इतरांनी, माझ्या मते, सरळ पाइप घ्यावा. फर्निचरचा दीड-दोन मिलिमीटरचा पाइप मात्र टाळावा, कारण नवख्या हाताने वेल्डिंगचा रॉड चालवताना तो सहज जळून भोक पडते. जस्ताचा मुलामा असलेला जी.आय. पाइप तर घेऊच नये. त्याच्या धुराने ताप येतो.

पाइपचा खरा दोष म्हणजे आतून धरणारा गंज. नाशिकच्या पावसाळ्यात टेबल पडवीत राहणार असेल तर उघडी तोंडे पट्टीने बंद करावीत; मात्र शेवटचा जोड भरताना आतली तापलेली हवा वितळलेल्या धातूतून बाहेर फुटते, म्हणून एक बारीक छिद्र आधीच पाडून ठेवावे आणि पाइप पूर्ण निवल्यावर ते बुजवावे.