ब्रिटिश संसदेची ई-याचिका सेवा: परदेशातल्या अत्याचारांवर कितपत उपयोगी?

ब्रिटनमध्ये राहणारा कुणीही, पासपोर्ट भारताचा असला तरी, संसदेच्या ई-याचिकेवर सही करू शकतो. नाव, ईमेल आणि पोस्टकोड एवढं पुरतं. चीनच्या शिंजियांग प्रांतात उइघुर मुस्लिमांना डांबणाऱ्या छावण्यांवर किंवा म्यानमारच्या लष्करावर ब्रिटिश सरकार काय करतंय, असा जाब विचारायला इतकी सोपी सरकारी सोय दुसरी नाही. फक्त एक काळजी घ्या: ईमेलवर आलेली लिंक दाबेपर्यंत सही मोजली जात नाही, आणि ती लिंक कधी कधी स्पॅममध्ये पडून राहते.

हिशोब सरळ आहे. याचिका तपासणीला जाण्यासाठी ५ समर्थक लागतात. १० हजार सह्या झाल्या की सरकार लेखी उत्तर देतं, १ लाख झाल्या की संसदेत चर्चेसाठी विचार होतो. मुदत ६ महिन्यांची. मध्येच संसद विसर्जित झाली तर चालू याचिका तिथेच बंद होतात. ३० मे २०२४ ला तसंच झालं.

घोळ होतो तो मागणीच्या वाक्यात. त्यासाठी मिळतात जेमतेम ८० अक्षरं. 'चीनने उइघुरांचा छळ थांबवावा' अशी याचिका नाकारली जाते, कारण ते ब्रिटिश सरकारच्या हातात नाही. 'छळ करणाऱ्या अधिकाऱ्यांवर निर्बंध घाला' ही मागणी चालते, कारण जुलै २०२० च्या मानवी हक्क निर्बंध नियमांनी तो अधिकार सरकारला दिला आहे. पण त्यावर मंत्र्यांचं उत्तर ठरलेलं असतं: पुढे कुणावर निर्बंध येतील याची चर्चा आधी करणं योग्य नाही. विषय तिथेच संपतो.

त्यापेक्षा कायद्यातली फट दाखवणारी मागणी टाळणं सरकारला जड जातं. उदाहरणार्थ, २०१५ च्या आधुनिक गुलामगिरी कायद्याचं कलम ५४. वर्षाला ३ कोटी ६० लाख पौंड किंवा जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांनी पुरवठा साखळीतली वेठबिगारी रोखायला काय केलं, ते दरवर्षी जाहीर करायचं. पण 'आम्ही काहीच केलं नाही' असं लिहूनही कायदा पाळला जातो आणि निवेदन दिलंच नाही तरी या कलमात दंड नाही. 'कलम ५४ मध्ये दंडाची तरतूद करा' म्हटलं की सरकारला हो किंवा नाही म्हणणं टाळणं अवघड होतं.

चर्चेकडून फाजील अपेक्षा ठेवू नका. ती बहुधा सोमवारी दुपारी साडेचारला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये होते आणि मागणीवर मतदान होत नाही. तरीही मंत्र्याला समोर बसून बोलावं लागतं आणि शब्द न् शब्द नोंदला जातो. उइघुरांसाठी निर्बंध मागणाऱ्या, लाखाहून जास्त सह्यांच्या याचिकेवर १२ ऑक्टोबर २०२० ला अशी चर्चा झाली. २२ मार्च २०२१ ला ब्रिटनने अमेरिका, कॅनडा आणि युरोपीय संघाबरोबर शिंजियांगच्या ४ अधिकाऱ्यांवर आणि एका सुरक्षा संस्थेवर निर्बंध घातले. श्रेय एकट्या याचिकेचं म्हणता येणार नाही. शिवाय तिथला तेव्हाचा कम्युनिस्ट पक्षप्रमुख चेन छ्वांग्वो, ज्याच्यावर अमेरिकेने आधीच निर्बंध घातले होते, तो त्या यादीत नव्हता, आणि ही गोष्ट आजही खटकते.

या सेवेतली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे नकाशा, आणि नेमका तोच कुणी उघडत नाही. प्रत्येक याचिकेच्या पानावर मतदारसंघानुसार सह्यांचे आकडे दिसतात. आपल्या मतदारसंघाचा आकडा घ्या आणि तो पहिल्याच ओळीत घालून खासदाराला पत्र लिहा. पूर्ण पत्ता आणि पोस्टकोड हवाच, कारण खासदार प्रथेप्रमाणे फक्त आपल्याच मतदारसंघातल्या लोकांना उत्तर देतात. छापील मजकूर जसाच्या तसा पाठवलात तर उत्तरही छापीलच येईल. पत्रात एकच काम सांगा: परराष्ट्र खात्याला संसदेत अमुक लेखी प्रश्न विचारा. प्रश्न तयार करूनच द्या. मंत्र्याचं उत्तर संसदेच्या संकेतस्थळावर कायम राहतं आणि पुढच्या पत्राला तेच पुरावा म्हणून जोडता येतं.

१० हजारांनंतरचं सरकारी उत्तर गोलमोल निघालं तर गप्प बसू नका. मागणीतला कुठला भाग अनुत्तरित राहिला, ते दोन ओळींत याचिका समितीला, म्हणजे या याचिका हाताळणाऱ्या खासदारांच्या समितीला, कळवा. उत्तर मागणीला धरून नाही असं समितीला वाटलं, तर ती सरकारकडे नवं उत्तर मागू शकते.