हनुवंतिया की सैलानी? मार्चनंतर निघणाऱ्यांसाठी

भुसावळ-जळगावकडून बोटिंगला जायचं म्हटलं की हल्ली दोन नावं निघतात. एक इंदिरा सागरच्या काठावरचं हनुवंतिया, दुसरं त्याच नर्मदेवर खाली, ओंकारेश्वर धरणाच्या फुगवट्यावरचं सैलानी. खंडव्यापर्यंत वाट एकच, मुक्ताईनगर-बऱ्हाणपूरवरून. पुढे हनुवंतियासाठी मूंदीकडे वळायचं, सैलानीसाठी सनावदच्या अंगाने. मुक्काम दोन्हीकडे मध्य प्रदेश पर्यटनाचाच, तेव्हा खोल्या आणि जेवण यावर फार डोकं घालवू नका.

नुसतं पाणी पाहायचं तर हनुवंतियाला तोड नाही. जलमहोत्सव 2016 पासून तिथेच भरतो. दिवाळीच्या सुट्टीत निघणार असाल तर खुशाल तिकडे जा. फक्त जेट स्की आणि स्पीडबोट सकाळीच उरका. एवढ्या उघड्या पाण्यावर दुपारी वारा सुटला की लाटा उठतात, आणि लहान बोटीत पुढे बसणाऱ्याची कंबर आपटून आपटून निघते.

गोम आहे ती पातळीत. इंदिरा सागर हे साठवणुकीचं धरण. भरलं की 262.13 मीटर, आणि वीज-सिंचनासाठी ते 243.23 मीटरपर्यंत उतरवता येतं. म्हणजे जवळपास 19 मीटर. दरवर्षी तेवढं उतरतंच असं नाही. पण निम्मं उतरलं आणि काठाला वीस मीटरला एक मीटर उतार धरला, तरी पाणी दोनशे मीटरच्या आसपास मागे जातं. एप्रिलमधलं गिरणा धरण पाहिलेल्यांना हे समजावायला नको. वरून वाळून भेगाळलेला गाळ पाण्याजवळ पोटरीपर्यंत खचतो, पाय निघतो आणि चप्पल आत राहते. तरंगती जेट्टी पाण्यामागे ओढून नेता येते. पायऱ्या आणि रस्ता जागच्या हलत नाहीत. उथळ पाण्यात जेट स्कीचा पंप गाळ ओढतो, तो तुंबला की गाडी जोर धरत नाही. बुडालेल्या झाडांचे बुंधेही याच दिवसांत पृष्ठभागाजवळ येतात.

ओंकारेश्वरची पातळी 196.60 आणि 193.54 मीटरच्या मध्येच खेळते, जेमतेम तीन मीटर. वरची 1000 मेगावॉटची जनित्रं फिरली की सुटलेलं पाणी इथे येतं आणि इथली 520 मेगावॉटची ते पुढे काढून देतात. साठवण्याचा भार वरच्या धरणावर, त्यामुळे उन्हाळ्यातही इथला काठ फारसा हलत नाही. तरंगते सौर पॅनेल याच जलाशयावर सोयीचे पडले, त्यालाही हे एक कारण.

सैलानीचं पाणी हनुवंतियाइतकं अफाट नाही, खेळही मला तरी कमीच वाटतात. पॅरासेलिंगसाठीच जाणाऱ्या पोरांचा हिरमोड होईल. पण घरात गुडघे धरलेलं माणूस असेल, सुट्टी मे महिन्यातलीच असेल, तर माझा कौल सैलानीला. ओंकारेश्वरचं दर्शनही त्याच फेरीत होतं. मात्र तिथले घाट धरणाच्या खालच्या अंगाला आहेत. भोंगा वाजला की आंघोळ अर्धी टाकून वर यायचं, पाणी बघता बघता चढतं.

आणि तरीही हनुवंतियाच ठरलं, तर फोनवर खोलीचं भाडं विचारायच्या आधी एवढंच विचारा: आज पार्किंगपासून जेट्टीपर्यंत किती चालावं लागतं?