डाष म्हणजे बूट: ‘द क्लिंगॉन डिक्शनरी’विषयी

‘स्टार ट्रेक’मधील क्लिंगॉन या लढवय्या परग्रहवासीयांसाठी मार्क ओक्रँड या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने रचलेल्या भाषेचा हा शब्दकोश 1985 साली प्रथम निघाला आणि 1992 साली पुरवणीसह पुन्हा प्रसिद्ध झाला. माझ्याकडे आहे ती ही दुसरी आवृत्ती. आधी व्याकरण आणि मग दोन्ही दिशांचा शब्दसंग्रह अशी मांडणी असल्यामुळे पुस्तक चाळताना एखादे कोरडे क्रमिक पुस्तक हाती आल्यासारखे वाटते. शब्दांच्या नोंदींमध्ये कोट्या पेरलेल्या आहेत, याची मात्र कोशकार जराही चाहूल लागू देत नाही.

‘डाष’ ही नोंद पाहावी. तिचा अर्थ ‘बूट’ असा दिला आहे, म्हणजे क्लिंगॉन शब्द आणि त्याचा इंग्रजी अर्थ एकाच ओळीत शेजारी-शेजारी छापलेले आहेत. ती ओळ रोमन लिपीत सरळ वाचली, की पाणबुडीवरील ‘दास बूट’ या 1981 सालच्या जर्मन चित्रपटाचे नाव समोर येते. जर्मन भाषेत ‘बूट’ म्हणजे नाव किंवा होडी, हे आठवले की गंमत आणखी वाढते. ‘जोडी’साठी दिलेला शब्द ‘चांगएंग’ आहे. सयाममध्ये 1811 साली छातीपाशी जोडलेल्या अवस्थेत जन्मलेले, आणि ज्यांच्यामुळे ‘सयामी जुळे’ हा शब्दप्रयोग रूढ झाला ते दोघे भाऊ म्हणजे चांग आणि एंग. या शब्दाच्या मधोमध श्वास क्षणभर अडवणारे एक चिन्ह आहे, आणि ते नेमके त्या दोन नावांच्या सांध्यावर येते. ही जागा मी तीन-चारदा पाहिली.

माशासाठी असलेला ‘घोति’ हा शब्द इंग्रजी स्पेलिंगच्या जुन्या थट्टेवरून घेतला आहे: ‘इनफ’मधील शेवटचा फ, ‘विमेन’मधील पहिला इ आणि ‘नेशन’मधील श यांची अक्षरे जोडली, तर हेच स्पेलिंग ‘फिश’ असे वाचता येते. येथे मला एक भेद जाणवतो. ‘डाष’ आणि ‘घोति’ हे डोळ्यांचे विनोद आहेत. ओक्रँड यांनी सांगितलेले ड आणि ष हे उच्चार इंग्रजी वाचकाला जड जात असले तरी आपल्याला ते घरचे आहेत. पण शब्द तसा नीट उच्चारला की जर्मन ‘दास’ मागे पडतो, आणि देवनागरीत लिहिल्यावर तर ‘घोति’मधला मासा पूर्णच निसटतो. (हे परीक्षण देवनागरीत लिहिताना ती अडचण मला प्रत्येक ओळीत भेडसावते आहे.) कानांचे विनोद मात्र कुठल्याही लिपीत तग धरतात. ‘बिघडणे’साठी ‘आर्ग’ आहे आणि ‘दुखणे’साठी ‘ओय’. ओक्रँड यांच्याच 1997 सालच्या पुढच्या पुस्तकात बुडवून खाण्याच्या सॉससाठी केचपची आठवण करून देणारा ‘केत्‌त्लुप’ आणि एका तंतुवाद्यासाठी गिटारवादक लेस पॉल यांचे नाव दडवणारा ‘लेषपाल’ हे शब्द आले.

उणिवाही आहेत. बहुतेक शब्दांपुढे एक-दोन शब्दांचाच अर्थ दिलेला असल्यामुळे वाक्यात तो शब्द कसा वापरावा हे नोंदीवरून कळत नाही, आणि लहान व मोठा ‘क्यू’ ही दोन वेगळी अक्षरे असल्याने नजर सतत जागरूक ठेवावी लागते. कोट्यांचा सगळा आधार इंग्रजी आणि युरोपीय संदर्भांवर असल्यामुळे आपल्याला त्यातील काही शोधूनच सापडतात. तरीही भाषेच्या हौशी वाचकाने हे पुस्तक जरूर घ्यावे आणि शब्दसंग्रह मोठ्याने वाचावा. मी ‘ओय’ची नोंद चार वेळा म्हणून पाहिली, तेव्हा स्वयंपाकघरातून आईने विचारले, “काय रे, कुठे लागलं?”